पोच घेतली का?

श्रोतेहो, नमस्कार. पारावर बसून पुढाऱ्याला शिव्या द्यायला पैसे पडत नाहीत, म्हणून त्या सढळ हाताने दिल्या जातात. पुढाऱ्याचं त्याने काही बिघडत नाही. त्याला अडचण होते ती तारीख, रक्कम आणि सही असलेल्या कागदाची.

एक गोष्ट आधीच सांगतो. आमदार-खासदाराला मतदारांनी मधेच परत बोलावण्याची सोय आपल्या कायद्यात नाही. पुढच्या मतदानापर्यंत जाब विचारायचा तो निधीचा आणि निर्णयाचा.

सुरुवात ग्रामसभेपासून. वर्षात किमान चार सभा व्हायलाच पाहिजेत. कोरम म्हणजे एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यातला जो आकडा कमी असेल तो. गफलत इथंच होते. 26 जानेवारीला झेंडावंदन झालं की माणसं घरी जातात, कोरमअभावी सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमची अट नसते. मग दहा-पंधरा जणांत वर्षाचा आराखडा मंजूर. दुसरी गफलत सह्यांची. प्रोसिडिंगच्या, म्हणजे सभेच्या नोंदवहीच्या, कोऱ्या पानावर आधी सह्या, ठराव मागाहून. ठराव वाचून दाखवल्याशिवाय पेन हातात घेऊ नका.

आता आमदार निधी. बंधाऱ्यावर आमदारांच्या नावाची पाटी ठळक असते, मोजमापं मात्र कुठंच दिसत नाहीत. ती माहिती अधिकारात मागायची. अर्ज जिल्हा नियोजन कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे, 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्रात अर्जाला 150 शब्दांची मर्यादा आहे आणि एका अर्जात एकच विषय. 'बंधारा का गळतो?' असं विचारलं तर उत्तर येतं की हा माहितीचा प्रश्न नाही, आणि नियमाला धरून ते चूकही नसतं. कागदांची नावं लिहा: आमदारांचं शिफारस पत्र, प्रशासकीय मान्यता, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका म्हणजे एमबी, आणि शेवटचं बिल. यातला एखादा कागद दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर अर्ज तिकडे पाच दिवसांत पाठवणं त्यांचं काम आहे, तुम्हाला हेलपाटे नकोत.

एमबीची नक्कल आली की टेप घेऊन बंधाऱ्यावर जा. समजा एमबीत लांबी 30 मीटर आहे आणि टेप 22 वरच थांबला, तर त्या आठ मीटरचं बिल कोणी काढलं हे त्याच पानावरच्या सहीतून कळतं. शिफारस पत्र यासाठी, की 'ते काम प्रशासनाचं' असं म्हणून आमदारांना नामानिराळं राहता येत नाही. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, 20 रुपयांचं स्टॅम्प. त्यानंतर 90 दिवसांत दुसरं अपील, आपल्या मराठवाड्यासाठी छत्रपती संभाजीनगरच्या माहिती आयोगाच्या खंडपीठाकडे. तिथं तारखेला उशीर लागतो, हे धरूनच चाला.

हे झालं एका बंधाऱ्याचं. धोरणच मुळावर येतं तेव्हा काय करायचं? पैठणचं जायकवाडी धरण घ्या. 2005 च्या जलसंपत्ती नियमन कायद्यात खोऱ्यातल्या पाण्याच्या समन्यायी वाटपाचं तत्त्व आहे. त्यावरून 2014 साली राज्याच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने आदेश दिला, की 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. 2023 मध्ये सोडण्याचा आदेश 30 ऑक्टोबरला निघाला आणि विरोध, कोर्टकचेऱ्या होत पाणी सुटलं नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. त्या साडेतीन आठवड्यांत आपल्या आमदाराने कोणाला पत्र लिहिलं, कोणत्या तारखेला? लेखी विचारा. अधिवेशनात तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, टाकला का, तातडीच्या विषयावरची लक्षवेधी सूचना मांडली का, हे विधिमंडळाच्या कामकाजात छापलेलं असतं. सभेतलं भाषण आणि सभागृहातला प्रश्न ताडून बघण्यासारखे असतात.

पुढे हीच 65 टक्क्यांची अट खाली आणण्याची शिफारस झाली आणि 2025 मध्ये त्यावर लोकांच्या हरकती मागवल्या गेल्या. अशा वेळी 'मराठवाड्यावर अन्याय' एवढंच लिहून पाठवलेली हरकत बाजूला पडते. बाष्पीभवन किती धरलं, साचलेला गाळ वजा केला का, पिण्याच्या पाण्याचा हिशेब कोणत्या वर्षाच्या लोकसंख्येवर केला, असे मुद्दे क्रमांक टाकून लिहावे लागतात. मुदतही पाळावी लागते. मुदत उलटल्यावर आलेली शंभर पत्रं एका वेळेवर पोचलेल्या पत्राची बरोबरी करत नाहीत.

आणि अर्ज असो, हरकत असो की आमदारांना पत्र, दोन प्रती घेऊन जा. एक आवक विभागात द्या, दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. टेबलावरचे साहेब 'ठेवा इथं, बघतो' म्हणाले तर कागद तिथं ठेवू नका. सरळ पोस्टात जा आणि स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपून ठेवा. अपिलाच्या वेळी पहिल्यांदा तीच मागतात.