भांडी घडवणारे हात भिंतीकडे वळतात तेव्हा

नमस्कार! भिंतीवर टांगायचा हा मातीचा तुकडा बघा, पानाचा ठसा उमटवलेला. टेबलावर आडवा पडलाय, खिडकीचा उजेड बाजूने येतोय, आणि पानाच्या शिरा काय सुंदर उठून दिसतायत! आता हाच तुकडा मी खिडकीसमोरच्या भिंतीला धरते. दिसतायत का शिरा? जवळजवळ पुसल्याच गेल्या. माती तीच, ठसा तोच, फक्त उजेड आता समोरून पडतोय.

इतकी वर्षं चाकावर भांडी केली, त्यामुळे हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. आता ओली माती पाटावर असतानाच मी पाट उभा करते, चार पावलं मागे जाते आणि बघते. ठसा उथळ वाटला तर तिथेच खोल करते. चकचकीत ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेपही मी इथे टाळते. त्यात बल्ब आणि खिडकीच दिसत राहतात, नक्षी हरवते. मॅट, म्हणजे चमक नसलेलं ग्लेझ खळग्यांत जाड साचतं, उंचवट्यांवर पातळ राहतं, आणि सावली जणू आतूनच येते. मला हे फार आवडतं.

दुसरी अडचण वाकण्याची. वाटीला तिची गोलाईच सावरून धरते. मातीच्या सपाट पाटीला तसा आधार नाही. कडा आधी सुकतात, आकसतात आणि कोपरे वर उचलले जातात. शिवाय माती विसरत नाही! लाटलेली पाटी उचलताना एकदा वाकली, तर तुम्ही ती सरळ केलीत तरी भट्टीत पुन्हा त्याच बाजूला वळू शकते. म्हणून हाताने उचलायचीच नाही, फळीवरून फळीवर सरकवायची. मग दोन जिप्सम बोर्डांच्या मध्ये सावकाश सुकू द्यायची. मातीत थोडा ग्रॉग, म्हणजे भाजलेल्या मातीची भरड, मिसळली की आकसणं कमी होतं.

भट्टीत ५७३ अंश सेल्सियसच्या आसपास मातीतल्या क्वार्ट्झ या खनिजाचं आकारमान एकदम बदलतं. रुंद पाट्या तिथेच तडकतात, म्हणून चढताना आणि उतरताना मी तो टप्पा हळू घेते.

मोठं काम एकसंध करायचा हट्ट मी सोडलाय. पंधराव्या शतकात इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये लुका देला रोब्बिया या शिल्पकाराने ग्लेझ केलेली मोठी भित्तिशिल्पं तुकड्यातुकड्यांनी भाजली आणि सांधे आकृतींच्या रेषांत लपवले. मी मात्र सांधे उघडे ठेवते. मधून भिंत दिसली तर दिसू दे.

राहिलं टांगणं. ते ओल्या मातीतच ठरवा. माझी माती सुकून-भाजून १२ टक्के आकसते, म्हणजे २० सेंटिमीटरची पाटी १७.६ वर येते आणि भोकही त्याच प्रमाणात लहान होतं. खिळा घालून बघायचा तो हा हिशेब करूनच. तारेचा फास आतच बसवायचा असेल तर नायक्रोमची, म्हणजे निकेल-क्रोमियमची उष्णता सोसणारी तार घ्या. तांबं १०८५ अंशांना वितळतं, स्टोनवेअरची, म्हणजे जास्त तापमानाला घट्ट भाजायच्या मातीकामाची भट्टी त्याच्या बरीच वर जाते. आणि फास वरच्या एक तृतीयांश भागात ठेवा. मध्यावर ठेवलात तर तुकडा पुढे झुकतो.