शेवट ठाऊक असलेल्या कादंबऱ्या

नमस्कार श्रोतेहो.

ऐतिहासिक कादंबरी हातात घेतली की वाचकाची एक पंचाईत होते. शेवट आधीच ठाऊक असतो. थोरले माधवराव १७७२ साली थेऊरला ऐन तारुण्यात जाणार. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला व्हायचं ते होणार. संभाजीराजे संगमेश्वरात पकडले जाणार. लेखकाला हे ठाऊक असतं, आपल्यालाही ठाऊक असतं. कादंबरीतल्या माणसांना ते ठाऊक नसावं, एवढीच अपेक्षा. यंदाच्या पावसात मी जुन्या काळावरच्या आणि आजच्या काळावरच्या कादंबऱ्या आलटून पालटून वाचल्या. काही पहिल्यांदा, काही पुन्हा. आणि चांगली कुठली, फसलेली कुठली, हे मी याच एका कसोटीवर ठरवत गेले.

पहिली 'स्वामी'. रणजित देसाईंची ही कादंबरी १९६२ मध्ये आली, तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि तेव्हापासून मराठी घरांत तिचं स्थान अढळ आहे. लहानपणी रमाबाईंसाठी मी ढसाढसा रडले होते. या वेळी रडू आलं नाही. भाषा अजून गोड लागते, माधवराव आणि राघोबादादा यांच्यातला ताण अजून धरून ठेवतो. पण या कादंबरीतली सगळी माणसं पहिल्यापासूनच धन्याच्या निधनाचं सुतक पाळत असल्यासारखी बोलतात. कोण केव्हा जाणार हे जणू त्यांना कुणी वाचून दाखवलंय. काही श्रोते माझ्यावर रागावतील, रागवा. आवडत्या पुस्तकाशी भांडायचा हक्क वाचकाला असतोच.

विश्वास पाटलांचं 'पानिपत' पुन्हा वाचताना मात्र मी तो शेवट विसरले. १९८८ चं पुस्तक, भलं जाडजूड. लढाईच्या वर्णनाबद्दल त्याचं कौतुक होतं, पण मला त्यातला भुकेचा भाग जास्त मोठा वाटतो. यमुना उतरून अब्दाली पाठीशी आला, दक्षिणेची वाट तुटली, गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसद बंद पडली. मग लाखाच्या छावणीत दाण्याचा भाव चढतो, वैरण संपते, घोडी खंगतात. यात्रेकरू, बायका, बाजारबुणगे, सगळे एका खंदकाआड अडकलेले. उद्या कुठून तरी धान्य येईल, या आशेवर ती माणसं दिवस काढतात, आणि वाचताना आपणही काढतो. एक खटकतं. लेखक सदाशिवरावभाऊंचं वकीलपत्र घेऊन बसलाय. भाऊंवर बखरकारांनी अन्याय केला असेल, मान्य. पण पानापानावर अशिलाची बाजू मांडली की माणूस हरवतो आणि खटला उरतो.

याच्या अगदी उलट टोकाला नंदा खरे यांची 'अंताजीची बखर'. तुमच्यापैकी ज्यांनी वाचली नसेल त्यांचा मला हेवा वाटतो, कारण ती पहिल्यांदा वाचायची मजा अजून त्यांच्या वाट्याला आहे. पेशवाईतला अंताजी स्वतःच स्वतःची कथा सांगतो. शूर वगैरे काही नाही. हेरगिरी करतो, गंडवतो, जीव वाचवून पळतो, आणि अधूनमधून आपल्यालाही थापा मारतो की काय अशी शंका येते. त्याच्यामागून आपण बंगालपर्यंत जातो, थेट पलाशीपर्यंत. तिथे गेल्यावर मराठी वाचकाला एक धक्का बसतो. बंगालमध्ये नागपूरकर भोसल्यांचं सैन्य म्हणजे बर्गी, लुटारू स्वार. मूल झोपलं, गाव निजलं, बर्गी देशात आले, पाखरांनी धान खाल्लं, आता सारा कुठून भरायचा, असं अंगाईगीत बंगाली आया आजही गातात. आपल्या पराक्रमाच्या गोष्टी दुसऱ्याच्या घरात अशाही ऐकू येतात. ही कादंबरी वाचल्यावर छाती फुगवणाऱ्या कादंबऱ्या पुन्हा पहिल्यासारख्या वाचता येत नाहीत.

आणि आम्ही गोंयकार वाचक तर नदीच्या दोन्ही तीरांवर उभे असतो. १६८३ सालचं घ्या. गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर फोंड्याच्या किल्ल्यावर चालून आला, संभाजीराजे स्वतः धावून आले आणि पोर्तुगीजांना माघार घ्यावी लागली. मग नोव्हेंबरात एका रात्री मराठ्यांनी जुवें बेट घेतलं, आजचं सांत इश्तेव. पलीकडे पोर्तुगीजांची राजधानी हाकेच्या अंतरावर. व्हाइसरॉयने बों जेजूच्या चर्चमध्ये जाऊन सेंट फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडवली आणि आपला अधिकाराचा दंड त्याच्यापाशी ठेवला. साष्टी-बार्देशात मराठ्यांच्या फौजा घुसल्या. तेवढ्यात शाहआलमची मोगल फौज घाटावरून उतरत असल्याची बातमी आली आणि राजे वळले. संभाजीराजांवरच्या कादंबऱ्यांत ही मोहीम येते ती राजांच्या घोड्यावर बसून. मला मात्र जुव्यावरच्या एखाद्या मानायाच्या, शेतात राबणाऱ्या गड्याच्या, घरातून ती वाचायची आहे. ज्याचा आजा हिंदू होता, जो आता इगर्जीत, चर्चमध्ये, जातो, आणि ज्याला त्या रात्री दार कुणासाठी उघडायचं आणि कुणासाठी लावायचं ते कळत नाहीये. कुणीतरी हे लिहावं.

त्याच्या जवळपास जाणारं पुस्तक आहे महाबळेश्वर सैल यांचं 'तांडव'. सोळाव्या शतकातलं गोव्यातलं धर्मांतर हा विषय. तो भाषणात घेतला तरी आवाज चढतो, कादंबरीत तर तोल सांभाळणं कठीणच. सैल तो सांभाळतात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, हे आपण देवळाच्या फलकावर वाचतो आणि नमस्कार करून पुढे जातो. देव होडीतून पलीकडे गेला तेव्हा गावात मागे कोण राहिलं, हा प्रश्न 'तांडव' विचारतं. ज्यांच्याकडे होडी नव्हती, ज्यांना शेत सोडता येत नव्हतं, ती माणसं. धर्म बदललेल्यांना हा लेखक वैरी ठरवत नाही, म्हणून पुस्तक जड असूनही पुढे वाचावंसं वाटतं. जड आहेच. चालीरीतींची माहिती जागोजागी साचते आणि गोष्ट तिथे रुतते. संपादकाने पन्नासेक पानं निर्दयपणे कापली असती तर बरं झालं असतं.

आता आजच्या काळावरच्या कादंबऱ्या. प्रवीण बांदेकर आपल्या शेजारचे, सावंतवाडीचे. त्यांच्या 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या'मध्ये कळसूत्री बाहुल्यांच्या आडून आजच्या भीतीबद्दल बोललंय. भीती खरी आहे, पण पात्रं कधी कधी लेखकाच्याच आवाजात बोलतात. कृष्णात खोतांचं 'रिंगाण' मला जास्त भिडलं. धरणामुळे उठवलेला गाव, आणि मागे सुटलेल्या जनावराच्या शोधात पुन्हा त्या रानात शिरणारा माणूस. एवढ्याशा कथेत खोतांनी रान असं उभं केलंय की विस्थापनावरची भाषणं ऐकायची गरज उरत नाही. शेळपे-कुर्डीकडच्या, साळावली धरणात गाव गेलेल्या माणसांनी तर ती वाचावीच.

पुंडलीक नायकांची 'अच्छेव' कोकणी आहे, पण देवनागरीत असल्यामुळे आपलं काही अडत नाही. १९७७ चं पुस्तक. शेत सोडून माणसं खाणीच्या मागे लागतात आणि गाव आतून सडत जातो. नायकांनी लिहिलं तेव्हा खनिजाचा पैसा वाढतच होता. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद होतील, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालय लीज रद्द करेल, कुडचड्याला, सावर्ड्याला ट्रक दारात गंजत उभे राहतील, हे लेखकाच्या स्वप्नातही नव्हतं. आणि तरी पुस्तकात त्या गंजाचा वास आधीच येतो. काल आजची असलेली कादंबरी आज ऐतिहासिक होऊन बसली आहे.

हेच सगळ्यात तीव्रतेने जाणवतं विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'मध्ये. १९३९ ची, त्यांची एकमेव कादंबरी. युरोपातून निघालेली बोट, बोटीवर हिटलरच्या देशातून हाकललेले ज्यू, आणि चक्रधर व हेर्टा यांचं ते अर्धवट, लाजिरवाणं, खरंखुरं प्रेम. यानंतर युरोपात ज्यूंचं काय होणार आहे, हे लिहिताना बेडेकरांना ठाऊक नव्हतं, हेर्टाला तर नव्हतंच. आपल्याला ठाऊक आहे, आणि त्यामुळे तिची साधी थट्टासुद्धा घशात अडकते. इथे शेवट ठाऊक असणं हे ओझं होत नाही, त्यानेच प्रत्येक वाक्याला धार येते.

एवढ्यातलं एकच वाचायचं असेल तर 'रणांगण' घ्या. पातळ पुस्तक आहे, दोन संध्याकाळींत होतं. पणजीत पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात किंवा तुमच्या गावच्या वाचनालयात विचारून पाहा. 'पानिपत' मात्र चतुर्थीची गडबड उरकल्यावरच हातात घ्या, कारण एकदा रसद तुटली की मध्ये गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायला उठवत नाही. नमस्कार.