बक्षिसाचा शोध आणि कपाळामागचा मेंदू

श्रोतेहो, आजच्या विषयाची सुरुवात मी प्रयोगशाळेतून न करता एका पाहणीपासून करतो. व्हिएतनाममध्ये लढणाऱ्या अमेरिकन सैनिकांमध्ये हेरॉइनचा वापर झपाट्याने पसरला होता, आणि हे तरुण घरी आल्यावर काय होईल या चिंतेने अमेरिकन सरकारने ली रॉबिन्स या संशोधिकेकडे एक मोठी पाहणी सोपवली. १९७१ च्या सप्टेंबरमध्ये परतलेल्या सैनिकांपैकी सुमारे २० टक्के जण व्हिएतनाममध्ये असताना व्यसनाधीन झालेले होते. परतल्यानंतरच्या तीन वर्षांत या व्यसनाधीनांपैकी जवळजवळ निम्म्यांनी एकदा तरी हेरॉइन घेतले, मात्र पुन्हा पूर्णपणे व्यसनात अडकलेले फक्त १२ टक्केच होते. युद्धाचा ताण संपला, हेरॉइन तितके स्वस्त आणि शुद्ध राहिले नाही, अशी अनेक कारणे त्यामागे आहेत आणि ती मी नाकारत नाही. तरीही एक प्रश्न उरतोच: ज्या मेंदूला एका ठिकाणी या पदार्थाची अनिवार ओढ होती, तोच मेंदू दुसऱ्या ठिकाणी त्यापासून बऱ्याच अंशी दूर कसा राहू शकला?

या प्रश्नाचे उत्तर बहुधा असे दिले जाते की आपल्या कपाळामागे असलेला मेंदूचा पुढचा भाग, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, हा वासनांना आवर घालणारा लगाम आहे. तो बळकट असेल तर माणूस संयमी होतो आणि दुबळा असेल तर वाहवत जातो. रथ, घोडे आणि सारथी हे रूपक आपल्या परंपरेत इतके रुजलेले आहे की हे उत्तर आपल्याला चटकन पटते. माझ्या मते ते अपुरे आहे. सारथ्याला लगाम खेचण्याच्या आधी आपण कोणत्या वाटेवर आहोत हे ओळखावे लागते. प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचे मुख्य काम हे ओळखण्याचे आहे, आणि आवर घालणे हा त्या ओळखीचा केवळ एक परिणाम आहे, असे मी आज मांडणार आहे.

बक्षिसाची ओढ निर्माण करणारी यंत्रणा मेंदूत खोलवर असते आणि तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून तिचा उल्लेख मी थोडक्यात करतो. माँट्रियल येथे १९५४ मध्ये जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी दाखवले की मेंदूच्या विशिष्ट जागी विजेचा सौम्य झटका मिळावा म्हणून उंदीर पुन्हा पुन्हा कळ दाबतात. पुढे वुल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरील प्रयोगांतून कळले की डोपामाइन हे संदेशवाहक रसायन स्रवणाऱ्या पेशी अपेक्षित बक्षीस आणि मिळालेले बक्षीस यांतला फरक सांगतात. पण अपेक्षा ही मुळात परिस्थितीवर अवलंबून असते, आणि तिथूनच आपला विषय सुरू होतो.

शुल्ट्झ यांनी लिऑन त्राँब्ले यांच्यासह १९९९ मध्ये डोळ्यांच्या खोबणीच्या लगेच वर असलेल्या प्रीफ्रंटल भागातल्या पेशींची नोंद घेतली. माकडांना मनुका सर्वांत जास्त आवडत, त्याखालोखाल सफरचंद आणि सर्वांत शेवटी धान्याचा कुरकुरीत तुकडा. सफरचंद आणि धान्य अशी जोडी असताना काही पेशी सफरचंदाला जोरदार प्रतिसाद देत. पण मनुका आणि सफरचंद अशी जोडी येताच त्याच पेशी मनुकेकडे वळत आणि सफरचंदाला फारसे महत्त्व देत नसत. सफरचंद तेच होते, त्याची चव आणि वासही तोच होता, बदलला होता फक्त त्याच्या शेजारचा दुसरा पर्याय. म्हणजे या पेशी वस्तूची ठरावीक किंमत जपून ठेवत नाहीत. या क्षणी, या पर्यायांमध्ये तिचे मोल काय आहे ते त्या सांगतात.

हे मोल भुकेनुसारही बदलते. उंदराला कळ दाबून खाऊ मिळवायला शिकवले आणि नंतर तोच खाऊ पोटभर दिला, तर त्यानंतर तो ती कळ कमी दाबतो, अगदी त्या वेळी कळ दाबून काहीच मिळत नसले तरीही. कळीमागे काय आहे आणि ते आपल्याला आता हवे आहे का, या दोन्ही गोष्टी तो लक्षात घेत असतो. मात्र हेच शिक्षण खूप लांबवले तर ती कृती सवय बनते, आणि पोट भरलेला उंदीरही कळ दाबतच राहतो. सायमन किलक्रॉस आणि एतियन कुत्युरो यांनी २००३ मध्ये दाखवून दिले की मध्य प्रीफ्रंटल भागाचा वरचा पट्टा निकामी केला तर उंदीर थोड्या शिक्षणानंतरही सवयीने वागतो. उलट खालचा पट्टा निकामी केला तर भरपूर शिक्षणानंतरही तो विचारपूर्वक वागत राहतो. यातला दुसरा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो, कारण सवय लागल्यावरही हेतुपूर्वक वागण्याची क्षमता शाबूत राहते, ती केवळ झाकली जाते, हे त्यातून दिसते.

माणसांकडे वळायचे तर पत्त्यांचा प्रसिद्ध प्रयोग पाहिलाच पाहिजे. आंतोनियो दामासिओ यांच्या आयोवा येथील गटाने, आंत्वान बेशारा यांच्या पुढाकाराने, १९९४ मध्ये तो मांडला. समोर पत्त्यांचे चार गठ्ठे असतात. दोन गठ्ठ्यांत दर पानाला १०० डॉलर मिळतात, पण अधूनमधून असा दंड बसतो की दहा पानांनंतर २५० डॉलरचा तोटा झालेला असतो. उरलेल्या दोन गठ्ठ्यांत दर पानाला ५० डॉलरच मिळतात, पण दंड सौम्य असल्याने दहा पानांत २५० डॉलरचा नफा होतो. निरोगी माणसे हळूहळू फायद्याच्या गठ्ठ्यांकडे वळतात. प्रीफ्रंटल भागाच्या आतल्या आणि खालच्या बाजूला इजा झालेले रुग्ण, बुद्धी शाबूत असूनही, तोट्याच्या गठ्ठ्यांनाच चिकटून राहतात. या रुग्णांना भविष्य दिसत नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला.

मात्र २००५ मध्ये लेस्ली फेलोज आणि मार्था फारा यांनी पानांचा क्रम बदलून पाहिला. मूळ खेळात तोट्याचे गठ्ठे सुरुवातीला लाभाचे वाटतात आणि त्यांचे खरे रूप नंतर उघड होते. या दोघींनी मोठे दंड सुरुवातीलाच दिसतील अशी मांडणी केली, आणि तेच रुग्ण निरोगी माणसांइतके चांगले खेळले. भविष्याकडे पाहण्याची त्यांची दृष्टी एका दुपारीत सुधारली असे कोणी म्हणणार नाही. त्यांची अडचण वेगळी होती: काल जे लाभाचे होते ते आज लाभाचे राहिलेले नाही, परिस्थिती उलटली आहे, हे त्यांच्या वागण्यात उतरत नव्हते.

अर्ल मिलर आणि जोनाथन कोहेन यांनी २००१ मध्ये या भागाची तुलना रेल्वेच्या रुळांचे सांधे बदलणाऱ्या माणसाशी केली. गाडी ओढण्याचे काम तो करत नाही. कोणत्या गाडीला कोणता मार्ग मोकळा करायचा हे मात्र तो पाहतो. लगामापेक्षा ही उपमा मला अधिक अचूक वाटते, कारण एकच गाडी एका वेळी पुढे सोडणे आणि दुसऱ्या वेळी वळवणे ही दोन्ही कामे तीच व्यक्ती, त्याच जागी बसून करत असते.

व्यसनाच्या बाबतीत हे फार ठळकपणे दिसते. एका पिंजऱ्यात उंदराला कळ दाबून बक्षीस मिळते, मग दुसऱ्या, वेगळ्या दिसणाऱ्या पिंजऱ्यात कळ दाबूनही काही मिळत नाही आणि तो प्रयत्न सोडून देतो. त्याला पहिल्या पिंजऱ्यात परत नेले की तो पुन्हा कळ दाबू लागतो. मार्क बाउटन यांनी अनेक वर्षांच्या कामातून हे ठसवले आहे की शिकलेले पुसले जात नाही. ‘येथे मिळत नाही’ हे नवे ज्ञान त्या जागेला बांधलेले राहते. कोकेनची कळ सोडून दिलेल्या उंदरांमध्ये प्रीफ्रंटल भागाचा खालचा पट्टा बंद केल्यावर ते पुन्हा कोकेनमागे लागले, हे पीटर कॅलिवास यांच्या प्रयोगशाळेत २००८ मध्ये दिसले. यावरून हा पट्टा म्हणजे ब्रेक आहे, असे वाटते. पण बाल्टिमोर येथे जेनिफर बॉसर्ट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हेरॉइनच्या जुन्या पिंजऱ्यात परत आणलेल्या उंदरांच्या साधारण याच परिसरातल्या, त्या पिंजऱ्यात जागृत झालेल्या मोजक्याच पेशी बंद केल्या, तेव्हा हेरॉइनची धाव कमी झाली. अनोळखी पिंजऱ्यात जागृत झालेल्या पेशी बंद करून मात्र काही फरक पडला नाही.

एकाच परिसरात, एकमेकींच्या शेजारी, वेगवेगळ्या जागांची ओळख सांगणाऱ्या पेशींचे विखुरलेले छोटे गट असतात, असा याचा अर्थ आहे. कोणतेही औषध त्या सगळ्या परिसरात सारखेच पोहोचते. कोणत्या गटाने बोलावे आणि कोणत्या गटाने गप्प राहावे हे गोळीला निवडता येत नाही. म्हणून उपचारकेंद्राच्या शांत खोलीत शिकलेला संयम त्या खोलीच्या ओळखीला बांधला जाऊ नये, यासाठी रुग्णाने तो आपल्या गल्लीत, आपल्या मित्रांमध्ये, पगाराच्या दिवशी संध्याकाळी, कोणाच्या तरी सोबतीने पुन्हा नव्याने शिकण्याची सोय उपचारातच असायला हवी.