लेसर की ग्रेटर?

अलिबागच्या दक्षिणेला अक्षीचा किनारा. भरती चढतेय आणि ओल्या पुळणीवरचा चिखल्यांचा, म्हणजे प्लोव्हर पक्ष्यांचा, थवा पाण्यापुढे वर सरकतोय. धावायचं, थबकायचं, टोच मारायची, पुन्हा धावायचं. मानेमागे पांढरी पट्टी दिसते ते केंटिश. ते बाजूला ठेवू. उरले सँड प्लोव्हर. त्यांचे दोन प्रकार, लहान तो लेसर आणि मोठा तो ग्रेटर.

आकारावरून नाव सांगायचा मोह होतो. लेसर साधारण 18 ते 21 सेंटिमीटर, ग्रेटर 22 ते 25. पण पक्षी एकटाच असेल तर हा फरक डोळ्यांना कळत नाही. त्यातून गार वाऱ्यात पिसं फुगवून बसलेला लेसर चांगला थोराड वाटतो.

म्हणून चोच बघायची. पक्षी अगदी आडवा उभा राहीपर्यंत थांबा. आता ही चोच बुडापाशी दुमडून चेहऱ्यावर ठेवलीय, अशी कल्पना करा.

(दृश्य: डोक्याची स्थिर चौकट)

टोक डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत जेमतेम पोचलं तर लेसर, ती कड ओलांडून गेलं तर ग्रेटर. लेसरचं टोक बोथट, ग्रेटरचं निमुळतं. डोकं जरा कॅमेऱ्याकडे वळलं की चोच आखूड दिसते आणि ग्रेटरचा लेसर होतो. फोटोंवरून होणाऱ्या चुका बहुतेक याच.

आपल्या किनाऱ्यावर आणखी एक गोची आहे. जुन्या लेसरच्या आता दोन जाती मानतात, सायबेरियन आणि तिबेटन. इथे हिवाळ्याला येतो तो मुख्यतः तिबेटन, लडाख-तिबेटच्या पठारांवर वीण करणारा. त्याची चोच सायबेरियनपेक्षा लांब असते, म्हणजे ग्रेटरच्या जवळ जाणारी. ऑस्ट्रेलियातले किंवा जपानमधले लेसरचे फोटो समोर ठेवून इथला पक्षी ओळखायला गेलात तर फसाल.

पाय? लेसरचे गडद करडे, ग्रेटरचे लांब आणि हिरवट-पिवळसर. मात्र खाडीच्या गाळात दोघांचेही काळेच दिसतात. वाळूवर, उन्हाकडे पाठ करून बघा.

मार्च-एप्रिलमध्ये विणीचे रंग चढतात आणि काम सोपं होतं. तिबेटनची छाती रुंद नारिंगी, कपाळ जवळजवळ काळं. ग्रेटरचा नारिंगी पट्टा अरुंद, कपाळावर पांढरा ठिपका.

(दृश्य: थवा उडतो, संथ गतीत)

आणि हा शेवटचा. शेपटीबाहेर पावलं डोकावताहेत. ग्रेटर.