वीस टक्के बिलो जाण्याआधी हे गणित करा | नगरपरिषद, जिल्हा परिषदेची पहिली निविदा

नमस्कार मंडळी.

(कागद कॅमेऱ्याजवळ धरून) ही वर्क ऑर्डर बघा. 2019 सालची, प्रभागातला काँक्रीट रस्ता आणि बाजूचं गटार. अंदाजपत्रकी रक्कम 20 लाख आणि माझा दर 19 टक्के बिलो, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा तेवढा कमी. निविदा उघडली तेव्हा घरी पेढे आले होते. काम मी अडीच महिन्यांत उरकलं, पण शेवटचं बिल हातात पडायला चौदा महिने लागले. त्या चौदा महिन्यांत क्रशरवाल्याचे, सिमेंटवाल्याचे फोन घेताना माझी जी अवस्था झाली, ती तुमची होऊ नये, एवढ्यासाठी आजचा व्हिडिओ आहे.

स्थापत्यची डिग्री किंवा डिप्लोमा घेऊन तुम्ही नोंदणी केली असेल, मजूर सहकारी संस्थेत असाल किंवा दुसऱ्याच्या लायसनवर कामं करून आता स्वतःच्या नावावर उतरायचं ठरवलं असेल, तर शेवटपर्यंत बघा. ज्यांनी सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी केली आहे त्यांना एक सांगते. तुमच्यासाठी आणि मजूर संस्थांसाठी कामांचा काही हिस्सा राखीव असतो आणि तो काम वाटप समितीतून, सोडत काढून मिळतो. खुल्या स्पर्धेत उतरण्याआधी तिथली दोन-तीन छोटी कामं पूर्ण करा आणि पूर्णत्वाचे दाखले जपून ठेवा. तेच पुढे अनुभवाचे कागद म्हणून लागतात.

आता मूळ मुद्दा. निविदा हातात आली की बहुतेक जण आधी रक्कम बघतात आणि लगेच किती बिलो जायचं याची चर्चा सुरू होते. माझं म्हणणं असं आहे की दर सगळ्यात शेवटी ठरवायचा. आधी बघायचं, पैसे कुठून येणार आहेत.

निविदा सूचनेत किंवा प्रशासकीय मान्यतेच्या आदेशात कामाची योजना, म्हणजे लेखाशीर्ष दिलेलं असतं. जिल्हा नियोजन समिती, वित्त आयोग, आमदार निधी, दलित वस्ती सुधार योजना की नगरपरिषदेचा स्वनिधी? निधी जमा आहे की नुसती मान्यता आहे? कामाला मंजुरी मिळाली म्हणजे पैसे आले, असं अजिबात नसतं. माझ्या त्या रस्त्याचं हेच झालं. पहिला हप्ता आला, त्यातून माझं रनिंग बिल, म्हणजे काम चालू असतानाचं बिल, निघालं आणि दुसरा हप्ता आलाच नाही. 2025 मध्ये राज्यभरचे कंत्राटदार थकीत बिलांसाठी रस्त्यावर उतरले, ते तुम्ही पाहिलंय. स्वनिधीतलं काम असेल तर त्या नगरपरिषदेची घरपट्टीची वसुली कशी आहे, कर्मचाऱ्यांचे पगार वेळेवर होतात का, हे गावात चार जणांना विचारा. जिथं पगार दोन-दोन महिने लांबतात, तिथं तुमचं बिल वेळेवर निघेल अशी अपेक्षा कशाच्या जोरावर धरायची?

लेखा शाखेत जाऊन विचारायला लाजू नका. "साहेब, या हेडला तरतूद आहे का?" एवढाच प्रश्न आहे. हेड म्हणजे तेच लेखाशीर्ष. उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकार आहे, 2005 पासून आहे. पण त्याच्या उत्तराला 30 दिवसांची मुदत असते आणि तोवर निविदा उघडून गेलेली असते. म्हणून आधी प्रत्यक्ष जा.

दुसरं, जागेवर जा. मोबाईलवर नकाशा बघून दर भरणारे मी पाहिलेत आणि मग रस्त्याच्या मधोमध महावितरणचा खांब निघतो. खांब हलवायचा खर्च कुणाचा, हे निविदेत नसतं आणि काम मात्र तुमच्या नावावर रखडतं. जागेवर गेल्यावर तीन गोष्टी मी नेहमी बघते. जुनी पाण्याची लाईन कुठून जाते, अतिक्रमण आहे का आणि खडी कुठून येणार. हे शेवटचं फार महत्त्वाचं. अंदाजपत्रकातल्या दरात साहित्य आणायचं अंतर, म्हणजे लीड, धरलेलं असतं. अंदाजपत्रकात 20 किलोमीटरवरचा क्रशर धरलाय आणि तो बंद पडल्यामुळे तुम्हाला 45 किलोमीटरवरून डंपर आणावे लागणार असतील, तर तुमचा अर्धा नफा डिझेलमध्येच गेला. साधी गोष्ट आहे, पण कार्यालयात बसून ती कळत नाही.

आता या गणिताकडे नीट लक्ष द्या.

(फळ्यावर लिहीत) काम 20 लाखांचं. 19 टक्के बिलो, म्हणजे करार झाला 16 लाख 20 हजारांचा. हे सगळ्यांना कळतं. पण खूप कमी दर भरला तर अतिरिक्त सुरक्षा अनामत भरावी लागते. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या पद्धतीनं काढलेल्या अनेक निविदांत तिचा हिशोब असा असतो: पहिल्या 10 टक्क्यांपर्यंत मिळून 1 टक्का, 10 ते 15 पर्यंत प्रत्येक टक्क्याला आणखी 1 टक्का, आणि 15 च्या पुढे प्रत्येक टक्क्याला 2 टक्के. आता 19 टक्क्यांचं करूया. पहिला 1, मग 5, मग चार टक्क्यांचे दुप्पट, म्हणजे 8. झाले 14 टक्के. 20 लाखांवर 14 टक्के म्हणजे 2 लाख 80 हजार रुपये. काम सुरू व्हायच्या आधी एवढे पैसे डीडी किंवा बँक गॅरंटीच्या रूपात अडकले. नेहमीची सुरक्षा अनामत वेगळी, ती दोष दायित्व कालावधी, म्हणजे कामातले दोष तुम्ही दुरुस्त करून द्यायची मुदत, संपल्यावर सुटते. तुमच्या निविदेतला हिशोब वेगळा असू शकतो, म्हणून ते कलम शोधून स्वतः वाचा.

पुढे बिलातून कपात होते. मालक एकटा असेल तर आयकराचा टीडीएस 1 टक्का. कंत्राट अडीच लाखांच्या वर असेल तर जीएसटीचा टीडीएस 2 टक्के. हे दोन्ही वाया जात नाहीत. पहिला रिटर्नमध्ये धरता येतो, दुसरा तुमच्या जीएसटीच्या कॅश लेजरमध्ये दिसतो. पण तो तिथं दिसण्यासाठी कार्यालयानं त्यांचं विवरण भरलेलं असावं लागतं, त्याचा पाठपुरावा करा. 1 टक्का कामगार कल्याण उपकर मात्र परत येत नाही. गौण खनिजाचं स्वामित्वधनही कापतात, खडी-मुरुमाचे रॉयल्टी भरल्याचे पास तुमच्याकडे नसतील तर. म्हणून क्रशरवाल्याकडून पास घेतल्याशिवाय डंपर खाली करू नका. त्यावर विमा आणि साहित्य तपासणीची फी. यातलं अंदाजपत्रकात काय वेगळं धरलंय आणि काय तुमच्या दरातून जाणार आहे, याची वहीत यादी करा. आणि मगच टक्का ठरवा.

बाकीच्यांचे दर काय जातात हे कळायचा सरळ मार्ग आहे. महाटेंडर्स या राज्य सरकारच्या ई-निविदा पोर्टलवर जुन्या निविदांचे निकाल लॉगिन न करताही बघता येतात. तुमच्या तालुक्यातली गेल्या वर्षभरातली त्याच प्रकारची दहा कामं काढा. कोण किती बिलो गेलं ते लिहा आणि त्यातली किती कामं प्रत्यक्षात पूर्ण झाली ते जागेवर जाऊन बघा. 25 टक्के बिलो गेलेला रस्ता दोन पावसाळ्यांनंतर कसा दिसतो, तेही बघा. मला हे मनापासून वाटतं, त्या रस्त्यावरून आपलीच पोरं शाळेत जातात.

कागदपत्रांचं भराभर सांगते. लिफाफा क्रमांक 1 मध्ये तांत्रिक कागद, 2 मध्ये दर. पहिल्यात पॅन, जीएसटी, नोंदणी प्रमाणपत्र, अनुभवाचे दाखले, प्रतिज्ञापत्र आणि सीएचं उलाढालीचं प्रमाणपत्र. त्यावर यूडीआयएन, म्हणजे सीएच्या प्रमाणपत्राचा ओळख क्रमांक, हवाच. थोड्या मोठ्या कामांना निविदा क्षमता, म्हणजे तुम्ही आणखी किती रकमेचं काम पेलू शकता, ते मागतात. त्याचं सूत्र बहुधा असं असतं: सर्वांत चांगल्या वर्षाची उलाढाल, गुणिले कामाचा कालावधी वर्षांमध्ये, गुणिले 2, वजा हातातली कामं. समजा उलाढाल 30 लाख आणि काम सहा महिन्यांचं. 30 गुणिले अर्धा गुणिले 2, म्हणजे 30 लाख. हातात 18 लाखांचं काम बाकी आहे, राहिले 12 लाख. म्हणजे 20 लाखांच्या निविदेत तुम्ही अपात्र. हातातली कामं लपवू नका. त्याचं प्रतिज्ञापत्र दिलेलं असतं आणि खोटं निघालं तर काळ्या यादीत जाल.

पोर्टलवर तीन ठिकाणी लोक अडकतात. डिजिटल सिग्नेचर क्लास 3 ची हवी आणि ती सही असलेलं यूएसबी टोकन आदल्या आठवड्यातच लॅपटॉपला लावून बघा. दुसरं, दराची एक्सेल फाईल. तिचं नाव बदलायचं नाही. डाउनलोड करताना आपोआप कंसात एक आकडा लागला, तरी पोर्टल ती घेत नाही. आणि तिसरं, शेवटचं फ्रीझचं बटण. सगळं अपलोड केलं, पैसे भरले, पण ते बटण दाबलं नाही तर निविदा सादर झालेली नसते. दाबल्यावर पोच येते, तिची प्रिंट काढा.

बयाणा रक्कम, म्हणजे निविदा भरतानाची अनामत, शेवटच्या दिवशी भरू नका. मी एकदा दुपारी चलन काढून एनईएफटी केली. बँकेतून पैसे गेले, पण पोर्टलवर जमा दिसेपर्यंत मुदत संपली. पंधरा दिवसांची मेहनत, जागेच्या तीन फेऱ्या, सगळं गेलं. तेव्हापासून मी बयाणा चार दिवस आधी भरते. आणि पोर्टल रोज एकदा उघडते, कारण शुद्धिपत्रक कधीही निघतं. रक्कम बदलते, तारीख बदलते, कधी अख्खी एक्सेल फाईल बदलते.

आता एक अवघड विषय. फोन येतो. "ताई, या वेळी तुम्ही थांबा, पुढचं काम तुमचं." किंवा "नुसता जास्तीचा दर भरून द्या, तीन निविदा व्हायला हव्यात." याला आपल्याकडे मॅनेज करणं म्हणतात आणि लोक ते इतक्या सहज बोलतात की नव्या माणसाला तो रिवाजच वाटतो. स्पर्धा कायदा, 2002 प्रमाणे निविदेतलं संगनमत बेकायदा आहे. पुणे महापालिकेच्या घनकचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांमध्ये बोलीदारांनी संगनमत केल्याचं भारतीय स्पर्धा आयोगानं 2018 मध्ये ठरवलं आणि कंपन्यांना दंड केला. ती तक्रार पुण्यातल्या एका नागरिक संघटनेनं केली होती. नुसती जागा भरायला आलेले बोलीदारही त्यात सुटले नाहीत. तुमच्या डिजिटल सिग्नेचरनं दुसऱ्याच्या सांगण्यावरून भरलेला दर ही तुमची सही आहे. टोकन आणि त्याचा पिन कुणाच्याही हातात देऊ नका, ओळखीच्या सायबर कॅफेवाल्याच्याही नाही.

एखादी अट कुणा एकालाच डोळ्यासमोर ठेवून घातल्यासारखी वाटली, तर निविदापूर्व बैठकीत लेखी विचारा. पत्राची पोच घ्या. केंद्रीय दक्षता आयोगाच्या 2002 च्या मार्गदर्शक सूचनांत अनुभवाचं प्रमाण दिलंय: अंदाजित किमतीच्या 40 टक्क्यांची तीन कामं किंवा 50 टक्क्यांची दोन किंवा 80 टक्क्यांचं एक. त्या सूचना तुमच्या नगरपरिषदेवर बंधनकारक आहेत असं मी म्हणत नाही, पण पत्रात तुलनेला उपयोगी पडतात. मी असं पत्र दोनदा दिलं. एकदा अट बदलली, एकदा नाही बदलली.

काम मिळालं की रोजच्या रोज फोटो काढा, विशेषतः जे झाकलं जाणार आहे त्याचे. खोदाईची खोली टेप लावून, खालचा थर, सळई. मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे एमबीमध्ये, जे लिहिलं जातं त्याचेच पैसे मिळतात. कनिष्ठ अभियंता मोजायला आले की तिथं स्वतः हजर राहा आणि वाढीव काम कुणी तोंडी सांगितलं तर लेखी आदेश आल्याशिवाय फावडं उचलू नका. माझ्या त्या रस्त्यावर 22 मीटर गटार मी तोंडी शब्दावर वाढवलं होतं. ते एमबीत कधीच चढलं नाही.

उद्यम नोंदणी असलेल्यांनी विचारलं होतं, 45 दिवसांत पैसे द्यायचा नियम आपल्याला लागतो का. माल पुरवठा किंवा सेवा देत असाल, तर 2006 च्या सूक्ष्म, लघु उद्योग कायद्यात उशिराच्या पैशांवर व्याज आणि तक्रारीसाठी सुकरता परिषद आहे, तिथं जा. बांधकामाच्या कंत्राटांना तो कायदा लागतो का यावर मात्र न्यायालयांत वाद झालेत. त्यामुळे त्या भरवशावर रस्त्याची निविदा भरू नका.

आज रात्री महाटेंडर्सवर जा, तुमच्या तालुक्यातली एक निविदा काढा आणि त्यात फक्त दोन गोष्टी शोधा: लेखाशीर्ष आणि अतिरिक्त अनामतीचं कलम. सापडलं नाही तर निविदा क्रमांक खाली कमेंटमध्ये टाका. तेवढं पुरे, स्वतःची माहिती देऊ नका. मी बघून सांगते.