एका घराला छपरं किती?

संयोजकांनी विषय दिलाय ‘कमी खर्चात घर’. त्याकडे मी येणारच आहे, पण आधी छपराबद्दल बोलू द्या. चिपळुणातून गुहागरच्या रस्त्याला लागा आणि नवी घरं बघत जा. कितीतरी घरांना खाली सपाट स्लॅब, आणि त्याच्यावर लोखंडी अँगल उभारून पत्रा. एका घराला दोन छपरं, आणि दोन्हींचे पैसे मालकानंच मोजलेले!

हे होतं कसं? माणूस मुंबईत नोकरी करतो, फंडाच्या पैशातून गावी घर बांधतो. स्लॅब सपाटच हवा, कारण पुढं मुलगा वर मजला चढवणार. इथं वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस. मे महिन्यात स्लॅब तापतो, जूनच्या सरीनं एकदम गार पडतो, बारीक भेगा जातात. कठड्याच्या कडेला पाणी तुंबतं, छत ओल धरतं. मग वॉटरप्रूफिंग, पुन्हा वॉटरप्रूफिंग, शेवटी पत्रा. वरच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया तोवर गंजतात, आणि मुलगा पुण्यात फ्लॅट घेतो. हसताय, म्हणजे तुमच्याही वाडीत असं घर आहे!

कौलं माकडं फोडतात, शाकारायला माणूस मिळत नाही, हे मला मान्य आहे. मग पहिल्यापासूनच पत्रा घाला, खाली सीलिंग करा. पण छपराला उतार द्या. थांबायला जागाच नसेल तर पाणी आत झिरपणार कुठून? मी गावोगाव हे सांगत फिरतो, कारण ओल आलेल्या छताखाली म्हातारी माणसं पावसाळा काढताना बघवत नाहीत.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तर खर्च. जांभ्याच्या भिंतीला बाहेरून गिलावा करू नका. चिरा नीट ताशीव घ्या, चिऱ्यांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, भरा, पाखं लांब काढा म्हणजे झड भिंतीवर येणार नाही. गिलावा वाचला, रंग वाचला, पुढचे रंगही वाचले. विटांचं बांधकाम असेल तर केरळात वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी रुजवलेली रॅट-ट्रॅप पद्धत विचारा: विटा कडेवर उभ्या, मध्ये पोकळी. सुमारे २५ टक्के विटा वाचतात, घरही गार राहतं. मोरी, संडास, स्वयंपाकघर एकमेकांना लागून ठेवा, पाइप कमी लागतो. जुन्या घराचे दरवाजे, वासे भंगारात देऊ नका. तसं सागवान आज परवडणार नाही. आणि नकाशा पायाआधी पक्का करा. चौकट बसल्यावर खिडकी सरकवली की मजुरी दुप्पट.

काटकसर कुठं नाही करायची? पायात नाही. दारं-खिडक्यांच्या वरून जाणाऱ्या लिंटेलच्या पट्ट्यात नाही. १९६७ साली कोयनेला भूकंपात काय झालं ते आपल्याला माहीत आहे. जोत्याच्या उंचीत नाही, २२ जुलै २०२१ चा पूर बघितलेल्यांना तर ते सांगायलाच नको. आणि काँक्रीटवर पाणी मारण्यात नाही. ठेकेदार तिसऱ्या दिवशी थांबला, तर पाइप घेऊन स्वतः उभे राहा.