रात्रपाळीला कोण आहे?

[दृश्य : पारसिकच्या डोंगराची कापलेली कडा, खाली बंद पडलेली दगडखाण. मागे ठाणे-बेलापूर रस्त्याचा आवाज.]

ऐरोलीहून बेलापूरकडे निघालं की डाव्या हाताला हा डोंगर साथ करतो. डोंगर म्हणायचा, पण त्याचे लचके तोडून खडी झाली, त्या खडीचं काँक्रीट झालं आणि त्यात आज आपण राहतो. मानवजात कशाने संपू शकते, या प्रश्नाची सुरुवात इथूनच करू.

[दृश्य : हातात एक दगड, अगदी जवळून.]

या खाणीतला हा एक धोंडा. काळा, जड. फोडला तर आत घावनाला पडते तशी जाळी, आणि काही भोकांत पांढरट, काचेसारखं खनिज भरलेलं. ही भोकं म्हणजे लाव्हा थंड होताना त्यात अडकलेले वायूचे बुडबुडे.

साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या आगेमागे दख्खनची जमीन भेगाळली आणि लाव्हा वाहायला लागला. तो लाखो वर्षं, थरावर थर साचत गेला. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्या थरांखाली आहे. लाव्हा पोहोचला तिथली जमीन त्याने भाजली, पण सगळ्या पृथ्वीचं हवामान बिघडवलं ते त्याच्याबरोबर सुटलेल्या गंधकाच्या आणि कार्बनच्या वायूंनी. आणि हे सगळं चालू असतानाच तिकडे मेक्सिकोच्या युकातानमध्ये सुमारे १० किलोमीटर रुंदीचा लघुग्रह येऊन आदळला. त्याचं विवर १८० किलोमीटरचं. डायनासोर गेले आणि त्यांच्याबरोबर पृथ्वीवरच्या सुमारे तीन चतुर्थांश जीवजाती गेल्या.

खरा गुन्हेगार कोण यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. बहुतेकांचा कौल लघुग्रहाच्या बाजूने आहे. आपण मात्र दुसऱ्या संशयिताच्या अंगाखांद्यावर सोसायट्या बांधल्यात.

[दृश्य : नकाशा. सुमात्रा, तिथून भारताकडे सरकणारी राख.]

माणसाच्या वाट्यालाही असा प्रसंग आला होता. सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी सुमात्रातला टोबा ज्वालामुखी फुटला आणि त्याची राख आपल्या उपखंडावर पडली. आंध्रातल्या ज्वालापुरमला ती राख जमिनीत थर होऊन बसलेली सापडते. त्या थराच्या खाली दगडी हत्यारं आहेत आणि वरही आहेत. दोन्हींची घडण बरीच सारखी. म्हणजे राख पडली तरी माणसं टिकली असावीत, असं तिथं उत्खनन करणाऱ्यांचं म्हणणं आहे.

आता एक साधा हिशेब. माणूस ही आपली जीवजात पृथ्वीवर किमान ३ लाख वर्षं आहे. म्हणजे ३,००० शतकं. निसर्ग दर शतकात माणसाला संपवण्याची शक्यता शंभरात एक जरी असती, तरी इतकी शतकं तगून राहणं जवळपास अशक्य होतं. आपण तगलो, म्हणजे हा धोका खूपच कमी असणार. शून्य नाही, पण कमी.

[दृश्य : दुर्बिणीतून घेतलेल्या चित्रात सरकणारा ठिपका.]

आणि इथे आपण हात बांधून बसलेलोही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये चिलीतल्या दुर्बिणीला २०२४ वायआर-४ नावाचा लघुग्रह दिसला. २२ डिसेंबर २०३२ ला तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता थोड्या काळापुरती ३ टक्क्यांच्या वर गेली होती. संभाव्य पट्टा प्रशांत महासागरापासून आफ्रिका, अरबी समुद्र ओलांडून थेट दक्षिण आशियापर्यंत. मुंबई त्याच पट्ट्यात, त्यामुळे मोबाइलवर काय काय फिरलं ते आठवत असेल. पुढच्या निरीक्षणांनी शक्यता जवळपास शून्यावर आणली. तसाही तो जगबुडी करणारा नव्हता. शहर उद्ध्वस्त झालं असतं, मानवजात नाही.

त्याआधी २६ सप्टेंबर २०२२ ला नासाने डार्ट नावाचं यान डिमॉर्फस या सुमारे १६० मीटरच्या लघुग्रहावर मुद्दाम धडकवलं. तो ज्या मोठ्या लघुग्रहाभोवती फिरतो, त्याच्याभोवतीच्या प्रदक्षिणेचा वेळ ३२ मिनिटांनी कमी झाला. आभाळातून येणाऱ्या दगडाला धक्का देऊन बाजूला सारता येतं, हे पृथ्वीच्या इतिहासात पहिल्यांदाच कोणीतरी करून दाखवलं. डायनासोरांकडे हे नव्हतं.

निसर्गाचं प्रकरण एवढ्यावर ठेवू. खरी काळजी दुसरीकडे आहे.

[दृश्य : वाशीचा खाडीपूल. पलीकडे ट्रॉम्बेची टेकडी.]

वाशीच्या पुलावरून मुंबईकडे जाताना ट्रॉम्बेची टेकडी दिसते. ४ ऑगस्ट १९५६ ला अप्सरा ही आशियातली पहिली अणुभट्टी तिथेच सुरू झाली. अणुभट्टी म्हणजे अणुबॉम्ब नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं. पण दोघांच्या मुळाशी अणूचं विभाजनच आहे, आणि १६ जुलै १९४५ ला न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिला बॉम्ब फुटला त्या दिवसापासून माणसाचा हिशेब बदलला. निसर्गासाठी आपल्याकडे ३,००० शतकांची नोंद आहे. बॉम्बसाठी एक शतकसुद्धा नाही.

आज जगात सुमारे १२ हजार अण्वस्त्रं आहेत. १९८६ च्या सुमारास ती ७० हजारांच्या घरात होती. उतरली, हे खरं. पण मोठ्या युद्धात मारणार ती स्फोटापेक्षा भूक. जळत्या शहरांची काजळी वर जाऊन वर्षानुवर्षं ऊन अडवेल, आणि पिकं बुडतील. अमेरिका-रशिया युद्ध झालं तर ५ अब्जांहून जास्त माणसं उपासमारीने मरतील, असा अंदाज २०२२ मधल्या एका शास्त्रीय अभ्यासाने मांडला आहे.

[दृश्य : रबाळे एमआयडीसी, रात्र. गेटवर हजेरी, शिफ्ट सुटते आहे.]

या पट्ट्यात ज्याने नाइट शिफ्ट केली आहे त्याला पुढची गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

२६ सप्टेंबर १९८३. मॉस्कोजवळचा एक बंकर, मध्यरात्र उलटून गेलेली. स्तानिस्लाव पेट्रोव्ह नावाचा सोव्हिएत अधिकारी ड्युटीवर. अलार्म वाजतो. उपग्रह सांगतोय, अमेरिकेने क्षेपणास्त्र सोडलं. मग दुसरं. एकूण पाच. नियमाप्रमाणे वर कळवायचं, हल्ला झाला म्हणून. वरचे पुढे काय करतील याची त्याला कल्पना आहे.

पेट्रोव्ह विचार करतो : युद्ध सुरू करायचं तर कोणी पाच क्षेपणास्त्रांनी करील का? शिवाय ही उपग्रह यंत्रणा नवी, तिच्यावर त्याचा पुरता भरवसा नाही. जमिनीवरच्या रडारवर काही दिसत नाही. तो कळवतो, अलार्म खोटा आहे. खात्री नसताना.

अलार्म खोटाच होता. उंचावरच्या ढगांवरून परावर्तित झालेलं ऊन उपग्रहाला क्षेपणास्त्राचा जाळ वाटलं होतं.

मग काय झालं? चौकशी झाली आणि पेट्रोव्हला बोल लागला. कारण त्या गोंधळात त्याने लॉगबुक भरलं नव्हतं! जगातल्या सगळ्या साहेबांची जात एकच असावी.

त्याच्या एकवीस वर्षं आधी, २७ ऑक्टोबर १९६२ ला, क्युबाजवळ बी-५९ या सोव्हिएत पाणबुडीतही असंच झालं. वरून अमेरिकी नौदल पाण्याखाली फुटणारे इशाऱ्याचे बॉम्ब टाकतंय, आत उकाडा, हवा संपत आलेली, मॉस्कोशी संपर्क नाही. अणु-टॉर्पेडो सोडायची भाषा सुरू झाली तेव्हा वासिली अर्खिपोव्ह नावाच्या अधिकाऱ्याने विरोध केला आणि पाणबुडी वर आली. तो त्या दिवशी त्याच पाणबुडीत होता हा योगायोग.

दोनदा यंत्रणा चुकली आणि दोनदा माणूस आडवा आला. दरवेळी येईलच असं नाही. २-३ डिसेंबर १९८४ ची भोपाळची रात्र घ्या. मानवजातीच्या अस्तित्वाचा प्रश्न तिथे नव्हता, हजारो माणसांच्या जिवाचा होता. वायूच्या टाकीला थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिने बंद. गळालेला वायू जाळणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी काढलेली. वायू धुऊन काढणारा स्क्रबर स्टँडबायवर. कागदावर मात्र तिन्ही जागच्या जागी. ज्यांनी प्लँटमध्ये काम केलंय त्यांना ‘कागदावर’ या शब्दाचं वजन माहीत आहे.

[दृश्य : जुन्या मुंबईचं छायाचित्र, प्लेगचे दिवस.]

रोगराईचंही तसंच. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, आणि जानेवारी १८९७ मध्ये हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केलेली लस आधी स्वतःला टोचून घेतली. देवी तर आपण पृथ्वीवरून घालवलीच. १९८० मध्ये तशी घोषणा झाली. पण देवीचा शेवटचा बळी गेला तो १९७८ मध्ये, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला. प्रयोगशाळेत जपलेल्या विषाणूची वरच्या मजल्यावर काम करणाऱ्या एका बाईला लागण झाली. रानात रोग संपला होता, बाटलीत शिल्लक होता. आजही तो विषाणू अधिकृतपणे दोन ठिकाणी आहे, एक अमेरिकेत, एक रशियात.

[दृश्य : ऐरोली, महापे. खिडक्या नसलेल्या काचेच्या इमारती, गच्चीवर कूलिंगची यंत्रं.]

जिथे रंगांचे आणि औषधांचे कारखाने होते, त्याच पट्ट्यात आता डेटा सेंटर उभी राहतायत. मे २०२३ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्या शेकडो जाणकारांनी एका निवेदनावर सह्या केल्या : हे तंत्र मानवजात नष्ट करू शकतं, याकडे महासाथ आणि अणुयुद्ध यांच्या बरोबरीने बघा. सही करणाऱ्यांत जेफ्री हिंटन होते, ज्यांना पुढच्या वर्षी भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. ही भीती फुगवलेली आहे असं म्हणणारे जाणकारही आहेत. आमच्या मते प्रश्न यंत्र किती हुशार होईल हा नाहीच. पेट्रोव्हच्या खुर्चीत ते बसवायचं का, हा आहे. त्याला शंका आली होती. यंत्राला येईल?

[दृश्य : ठाणे खाडी, ओहोटी. चिखलात रोहित पक्षी, काठाला तिवरं.]

राहिला हवामानाचा प्रश्न. हवेतला कार्बन डायऑक्साइड औद्योगिक क्रांतीआधी दहा लाखांत २८० भाग होता, आता ४२० च्या वर गेलाय. याने मानवजात संपेल का? एकट्याने बहुधा नाही. पण तो बाकी सगळं खिळखिळं करतो : पीक, पाणी, शेजारी देशांतली शांतता. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या उघड्या मैदानावर एका सरकारी सोहळ्यात उन्हाने १४ माणसं गेली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो तर घरोघर आठवतो.

[दृश्य : धारण तलाव. काँक्रीटच्या भिंतीत लोखंडी झडप, जवळून. खालच्या कडेला गंज, बिजागरात अडकलेलं प्लास्टिक.]

नवी मुंबईचे काही भाग मोठ्या भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. शहर बुडत नाही ते या तलावांमुळे. पावसाचं पाणी इथे साठतं. ओहोटीला झडप आपोआप उघडते आणि पाणी खाडीत जातं. भरतीला खाडीच्या दाबाने ती मिटते. आगऱ्यांच्या खारजमिनीत हेच काम उघाडी करायची. बांधाला खांड पडली की भरती यायच्या आत बुजवायची, नाहीतर शेतात खारं पाणी शिरून भात गेलं. त्यासाठी गाव धावायचं.

आता तलावांत गाळ भरलाय, त्यात तिवरं उगवलीत. गाळ काढायचा तर तिवरं तोडावी लागतात, तिवरं तोडायची तर परवानगी लागते, आणि तिवरं वाचवायची ती पुन्हा पूर अडवण्यासाठीच. जगाचे मोठे करार अशाच अवस्थेत आहेत. अमेरिका आणि रशिया यांच्या मोठ्या अण्वस्त्रांवर मर्यादा घालणारा शेवटचा करार २०२१ मध्ये पाच वर्षांसाठी वाढवला होता. त्याची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतचीच होती. रासायनिक अस्त्रांच्या बंदीवर देखरेख ठेवायला हेगमध्ये संस्था आहे, तिचे तपासनीस कारखान्यांत जाऊन पाहणी करतात, आपल्या देशातल्यासुद्धा. जैविक अस्त्रांवर बंदी घालणारा करार १९७५ पासून लागू आहे. तो पाहायला जिनिव्हात मूठभर माणसांचं एक कार्यालय आहे. तपासनीस एकही नाही.